दोन सोनोग्राफींमधले दिवस

सोनोग्राफीचे यंत्र महानगरांतून तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचल्यापासून स्त्रियांच्या आरोग्यात एका नव्या अवस्थेची भर पडली आहे. तपासणी झालेली असते, पडद्यावर काहीतरी दिसलेलेही असते, पण जे दिसले ते नेमके काय, याचे उत्तर त्या दिवशी कोणाकडेच नसते. मोसम आणि गिरणा यांच्या संगमावर वसलेल्या मालेगावात, किंवा भोवतालच्या कसमादे पट्ट्यातील एखाद्या खेड्यात, पोटात दुखते, पाळी लांबली किंवा दिवस राहत नाहीत म्हणून तपासणीला गेलेल्या स्त्रीच्या हाती इंग्रजीत टंकलेला एक कागद पडतो. त्यात उजव्या किंवा डाव्या बीजांडकोशात चार सेंटीमीटरची गाठ असल्याची नोंद असते आणि शेवटच्या ओळीत सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी करून घेण्याची सूचना असते. वैद्यकीय ग्रंथांत या सहा-आठ आठवड्यांना फारशी जागा मिळत नाही, कारण डॉक्टरांच्या दृष्टीने त्या काळात करण्यासारखे काही नसते. स्त्रीच्या दृष्टीने मात्र जीव टांगणीला लागलेला असतो, आणि पुढे अनेकदा आयुष्यभर पुरणारे निर्णय याच दिवसांत घेतले जातात.

बीजांडकोश, ज्याला अंडाशय असेही म्हणतात, हा जेमतेम तीन सेंटीमीटर लांबीचा अवयव असून दर महिन्याला पाण्याची एक लहानशी गाठ तयार करणे हे त्याचे नेमून दिलेले कामच आहे. प्रत्येक पाळीच्या चक्रात अनेक पुटिका, म्हणजे बीज सांभाळणाऱ्या द्रवाने भरलेल्या पिशव्या, वाढू लागतात. त्यांतील एक पुढे जाऊन दोन ते अडीच सेंटीमीटरची होते, चक्राच्या मध्याला फुटते, आतले बीज बाहेर पडते आणि उरलेल्या भागाचा पीतपिंड बनतो, जो गर्भ न राहिल्यास आपोआप विरून जातो. ही पुटिका ठरल्या वेळी फुटली नाही तर ती वाढत राहते आणि तिला फॉलिक्युलर सिस्ट म्हणतात. पीतपिंडात रक्त साकळले तर अहवालात हेमरेजिक सिस्ट हे शब्द येतात, ज्यांतला रक्तस्रावाचा उल्लेख ऐकूनच घरच्यांची पाचावर धारण बसते, वास्तविक हीदेखील बहुधा काही आठवड्यांत जिरून जाणारी गाठ असते. अशा गाठींना कार्यात्मक गाठी म्हणतात. ब्रिटनमधील रॉयल कॉलेज ऑफ ऑब्स्टेट्रिशियन्स अँड गायनेकॉलॉजिस्ट्स या संस्थेच्या २०११ च्या मार्गदर्शिकेनुसार, पाळी चालू असलेल्या स्त्रीची पाच सेंटीमीटरपेक्षा लहान साधी गाठ जवळजवळ नेहमीच तीन पाळ्यांच्या आत नाहीशी होते आणि तिच्यासाठी फेरतपासणीचीही सहसा गरज नसते. गाठ जिरावी म्हणून गर्भनिरोधक गोळ्या देण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे. परंतु या विषयावरील चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतल्यावर, गोळ्या घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या स्त्रियांच्या कार्यात्मक गाठी सारख्याच प्रमाणात जिरतात असे आढळले. त्या गोळ्यांचा गुण म्हणून जो सांगितला जातो, तो बहुतेक वेळा काळाचा असतो.

सर्वच गाठी जिरणाऱ्या नसतात. गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती बीजांडकोशात रुजली तर दर पाळीला तिथे रक्त साठत जाऊन घट्ट तपकिरी द्रवाची गाठ होते, तिला चॉकलेट सिस्ट म्हणतात. डर्मॉइड नावाच्या गाठीत चरबी, केस आणि कधीकधी दातही सापडतात, आणि कल्पनेला ते कितीही भयंकर वाटले तरी ही गाठ बहुतेक वेळा कर्करोगाची नसते. या दोन्ही प्रकारच्या गाठी आपोआप जात नाहीत, त्यांच्यावर लक्ष ठेवावे लागते आणि काही वेळा शस्त्रक्रियाही करावी लागते.

अहवाल वाचताना गाठीच्या आकाराकडे सगळ्यांचे लक्ष जाते, कारण तेवढा एकच आकडा सर्वांना कळतो. तपासणाऱ्या तज्ज्ञाचे लक्ष मात्र गाठीच्या घडणीकडे असते. भिंत पातळ आहे का, आतला द्रव निर्मळ आहे का, मधे पडदे आहेत का, ज्यांना अहवालात सेप्टा म्हणतात, आत कुठे घन भाग वाढला आहे का, त्या घन भागात रक्तप्रवाह दिसतो का, आणि पोटात पाणी साचले आहे का, या प्रश्नांच्या उत्तरांवरून धोक्याचा अंदाज बांधला जातो. ओ-रॅड्स नावाच्या वर्गीकरणात याच खुणांवरून गाठीला शून्य ते पाच असा क्रमांक दिला जातो. शून्य म्हणजे तपासणी अपुरी, एक म्हणजे सर्व काही नेहमीसारखे, आणि दोन या क्रमांकाचा अर्थ कर्करोगाची शक्यता एक टक्क्याहून कमी, तीनचा दहा टक्क्यांहून कमी असा असतो. याउलट अहवालातील काही शब्द केवळ सावधगिरीचे असतात. गर्भाशयामागील खोलगट जागेत थोडे पाणी दिसणे बीज फुटल्यानंतर स्वाभाविक आहे, आणि 'क्लिनिकल कोरिलेशन' या शब्दांचा अर्थ एवढाच, की पडद्यावरच्या सावल्या पाहणाऱ्या डॉक्टरांनी रुग्णाची तक्रार आणि तपासणी यांच्याशी मेळ घालण्याचे काम उपचार करणाऱ्या डॉक्टरांवर सोपवले आहे.

अनिश्चिततेचा काही भाग तपासणीच्या पद्धतीतूनच येतो. अविवाहित मुलीची सोनोग्राफी पोटावरूनच केली जाते, त्यासाठी तिला पाणी पाजून मूत्राशय भरेपर्यंत 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' या फलकाखालच्या बाकावर बसवून ठेवले जाते, आणि तरीही योनिमार्गातून केलेल्या तपासणीइतके स्पष्ट चित्र मिळत नाही, त्यामुळे तिच्या अहवालात 'शक्यता', 'बहुधा' अशा अर्थाचे शब्द अधिक येतात. काळजीपोटी एकाच आठवड्यात दोन केंद्रांवर तपासणी करून घेतली आणि एका ठिकाणी ४.२ तर दुसऱ्या ठिकाणी ३.७ सेंटीमीटर असा आकडा आला, तर त्या फरकाचा अर्थ गाठ वाढली किंवा घटली असा लावता येत नाही. यंत्राचा कोन आणि मोजणारा हात बदलला की एवढा फरक पडतोच.

अहवालानंतर बहुधा रक्ताची एक तपासणी सुचवली जाते, तिचे नाव सीए-१२५. अमेरिकेतील रॉबर्ट बास्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये बीजांडकोशाच्या कर्करोगपेशींना चिकटणारे एक प्रतिपिंड तयार केले, त्यातून ही तपासणी निघाली, आणि १९८३ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या पाहणीत बीजांडकोशाचा कर्करोग असलेल्या १०१ रुग्णांपैकी ८२ टक्क्यांमध्ये हे प्रमाण ३५ एककांच्या वर गेलेले आढळले, तर ८८८ निरोगी व्यक्तींपैकी एक टक्क्यात. प्रयोगशाळेच्या कागदावर आजही छापली जाणारी ३५ ही मर्यादा तिथली आहे. रोग आणि निरोग यांमधली ती निसर्गाने आखलेली रेषा नव्हे, मोजणी करणाऱ्यांनी सोयीसाठी ठरवलेला तो एक टप्पा आहे. पाळी चालू असताना, गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत, चॉकलेट सिस्ट, गर्भाशयातील फायब्रॉइड, ओटीपोटातील जंतुसंसर्ग किंवा यकृताचा आजार असताना हा आकडा ३५ च्या वर जाऊ शकतो, आणि दुसऱ्या टोकाला, पहिल्या अवस्थेतील कर्करोगाच्या जवळपास निम्म्या रुग्णांत तो वाढलेलाच नसतो. म्हणून तिशीच्या स्त्रीचा ६० हा आकडा आणि पासष्ट वर्षांच्या स्त्रीचा ६० हा आकडा यांचे अर्थ पूर्णपणे वेगळे असतात.

हा आकडा वाढवणाऱ्या आजारांच्या यादीत भारतात आणखी एका आजाराची भर घालावी लागते. पोटाच्या आतील आवरणाचा क्षयरोग झाला तर पोटात पाणी साचते, वजन उतरते, बीजांडकोशाजवळ गोळा दिसतो आणि सीए-१२५ चा आकडा कित्येक शेकड्यांवर जातो, म्हणजे चित्र हुबेहूब पसरलेल्या कर्करोगाचे तयार होते. अशा रुग्णांचे पोट कर्करोगाच्या संशयाने उघडल्यावर क्षयरोग निघाल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत वारंवार छापली गेली आहेत. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात असल्यामुळे, पोटातील पाण्याची आणि ऊतीच्या तुकड्याची तपासणी झाल्याखेरीज केवळ आकड्यावरून कर्करोगाचा निष्कर्ष काढणे येथे विशेष घातक ठरते. हा क्षयरोग औषधांनी, साधारण सहा महिन्यांत, बरा होणारा असतो.

निदानाचे शब्दही वाटतात तितके पक्के नसतात, याचे एक बोलके उदाहरण मुंबईचे आहे. परळ येथील राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेच्या संशोधकांनी मुंबईतील किशोरी आणि तरुणींची पाहणी करून २०१४ मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत रॉटरडॅम येथे २००३ साली ठरलेले निकष लावल्यास २२.५ टक्के मुलींना पीसीओएस, म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, असल्याचे दिसले, आणि दुसऱ्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेचे अधिक कडक निकष लावल्यास हेच प्रमाण १०.७ टक्क्यांवर आले. मुली त्याच, तपासण्या त्याच, व्याख्या मात्र निराळी. या विकारात बीजांडकोशात जे अनेक ठिपके दिसतात त्या खऱ्या अर्थाने गाठी नसून वाढ अर्धवट थांबलेल्या पुटिका असतात, पाळी सुरू झाल्यानंतरच्या काही वर्षांत त्या निरोगी मुलींतही भरपूर असतात, आणि म्हणूनच नव्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने पहिल्या पाळीनंतर आठ वर्षांपर्यंत सोनोग्राफीवरून हे निदान करू नये असे सुचवले आहे. सोळा वर्षांच्या मुलीच्या कागदावर 'पीसीओडी' हे याच विकाराचे दुसरे नाव लिहिले गेले की तिच्या आईला पहिली चिंता लग्नाची आणि मुलाबाळांची लागते. त्या कागदाला तेवढे वजन द्यावे असे शास्त्रात काही नाही.

एवढी अनिश्चितता असेल तर सगळ्याच स्त्रियांची दरवर्षी तपासणी का करू नये, हा प्रश्न ओघाने येतो आणि त्याचे उत्तर काही जणांना धक्कादायक वाटेल. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी सरसकट तपासणीचा उपयोग होतो, आणि त्याचा एक भक्कम पुरावा महाराष्ट्रातलाच आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांवर टाटा मेमोरियल आणि बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय यांच्या सहभागाने झालेल्या चाचणीत, एचपीव्ही विषाणूच्या एकाच तपासणीने त्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे निम्म्यावर आल्याचे २००९ मध्ये दिसून आले. बीजांडकोशाच्या बाबतीत हे साधलेले नाही. अमेरिकेत ५५ ते ७४ वयाच्या ७८,२१६ स्त्रियांवर झालेल्या चाचणीत रक्ततपासणी आणि सोनोग्राफी यांनी मृत्यू कमी झाले नाहीत. उलट ३,२८५ स्त्रियांना कर्करोग नसताना संशयाचा निकाल मिळाला, त्यांपैकी १,०८० जणींवर शस्त्रक्रिया झाली आणि या शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी १५ टक्के जणींना गंभीर गुंतागुंत सोसावी लागली. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांचा दीर्घकाळ पाठपुरावा करून २०२१ मध्ये आलेला निष्कर्षही मृत्यू न घटल्याचाच होता. कोणतीही तक्रार नसलेल्या आणि कुटुंबात या रोगाचा इतिहास नसलेल्या स्त्रीने 'एकदा बघून घेऊ' म्हणून या तपासण्या करून घेण्यात लाभापेक्षा हानीची शक्यता जास्त आहे.

भीतीपोटी घेतलेल्या निर्णयाची किंमत किती मोठी असू शकते, हे बीड जिल्ह्याने महाराष्ट्राला दाखवून दिले. ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चर्चा झाल्यावर २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि आरोग्य यंत्रणेने केलेल्या पाहणीत सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली, ज्यांत कित्येक जणी चाळिशीच्या आतल्या होत्या. फडातील पाळीचे हाल, बुडणारी मजुरी आणि मुकादमाकडून घेतलेली उचल ही त्यामागची कारणे होतीच. परंतु पोटदुखी किंवा अंगावरून पांढरे जाणे यांसारख्या बऱ्या होणाऱ्या तक्रारींवर 'पुढे कॅन्सर होईल' एवढे वाक्य ऐकून स्त्रिया टेबलावर गेल्या, हेही अनेकींनी सांगितले. पिशवीबरोबर दोन्ही बीजांडकोशही काढले गेले तर पाळी एका दिवसात कायमची थांबते, आणि तरुण वयात असे झाल्यास हाडे ठिसूळ होण्याचा व हृदयविकाराचा धोका वाढतो. न झालेल्या रोगाच्या धास्तीने झालेला रोग पदरात पडतो, असा हा व्यवहार आहे.

मालेगावच्या विणकर वस्तीत ही धास्ती वेगळ्या रूपात वावरते. पुरुष मागावर बारा तासांच्या पाळीत असतो, अनेक घरांतील बायका घरीच कांड्या भरत असतात, आणि दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यायचे म्हटले तर आग्रा रोडने शंभर किलोमीटरवरच्या नाशिकला किंवा पन्नास किलोमीटरवरच्या धुळ्याला जाण्यात दिवसाची मजुरी बुडते. घरात उर्दू, मराठी किंवा अहिराणी बोलली जात असताना अहवाल इंग्रजीत असतो, तो शाळकरी मुलगा, औषधाच्या दुकानातला माणूस आणि शेजारीण असे तिघे तीन तऱ्हेने वाचून दाखवतात, आणि संध्याकाळपर्यंत चार सेंटीमीटरच्या पाण्याच्या गाठीचा 'ट्यूमर' झालेला असतो. मुलगी अविवाहित असेल तर गोष्ट चार भिंतींबाहेर जाऊ नये म्हणून कोणाशी बोलायचीही सोय उरत नाही.

या घालमेलीचा अभ्यास मानसशास्त्रात अनिश्चितता सहन न होणे या नावाने झाला आहे. कॅनडातील लावाल विद्यापीठात मार्क फ्रीस्टन, मिशेल दुगास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये तिची मोजपट्टी तयार केली, आणि त्यानंतरच्या संशोधनातून असे दिसत गेले की अतिकाळजी करणाऱ्या माणसाला वाईट बातमीइतकीच, किंबहुना तिच्याहून अधिक, बातमी न कळण्याची अवस्था छळते. मग मन खात्री शोधू लागते: पोट दाबून पाहणे, रात्री मोबाइलवर शोधणे, नवऱ्याला तोच प्रश्न दहादा विचारणे, आणखी एक सोनोग्राफी. प्रत्येक कृतीने तासाभराचा दिलासा मिळतो आणि शंका पुन्हा उगवते. गंभीर आजाराची शक्यता कमी असलेल्या रुग्णांवर तपासण्यांचा काय परिणाम होतो याच्या चौदा चाचण्यांचा आढावा २०१३ मध्ये घेतला गेला, तेव्हा तपासणी केल्याने रुग्णांची काळजी आणि लक्षणे जवळपास कमी होतच नाहीत असे आढळले. डॉक्टर आणि रुग्ण दोघेही 'तेवढीच खात्री' म्हणून ज्या तपासण्या करतात, त्यांच्याविषयीचा हा निष्कर्ष दोघांच्याही पचनी पडणे कठीण आहे.

खात्रीची जागा घेऊ शकेल अशी पहिली गोष्ट म्हणजे आकडा, मात्र तो योग्य रीतीने विचारलेला हवा. 'कॅन्सर असू शकतो का' या प्रश्नाला कोणताही प्रामाणिक डॉक्टर ठाम 'नाही' म्हणू शकत नाही, आणि त्याचा तो क्षणभराचा संकोच रुग्ण घरी घेऊन जातो. 'माझ्यासारख्या हजार जणींपैकी किती जणींना निघतो' हा प्रश्न अधिक चांगला. तज्ज्ञांनी सोनोग्राफीवरून निर्धोक ठरवून शस्त्रक्रियेविना नजरेखाली ठेवलेल्या १,९१९ स्त्रियांचा आंतरराष्ट्रीय अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात दोन वर्षांत सुमारे वीस टक्के गाठी आपोआप नाहीशा झाल्या, आणि कर्करोग व गाठीला पीळ पडणे या दोन्हींचे प्रमाण प्रत्येकी हजारात चार इतके निघाले. त्याच भेटीत आणखी दोन गोष्टी लिहून घेतलेल्या बऱ्या: गाठ साधी आहे की नाही, आणि पुढची तपासणी पाळीच्या कितव्या दिवशी करायची. ती पाळी संपल्यानंतर लगेचच्या दिवसांत केली तर नव्याने वाढणाऱ्या पुटिकेचा घोटाळा होत नाही.

दुसरी गोष्ट काळजीला वेळ नेमून देण्याची. अमेरिकेतील पेन स्टेट विद्यापीठाचे थॉमस बोर्कोवेक यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या पद्धतीत रोज एकाच ठिकाणी, एकाच वेळी अर्धा तास फक्त काळजी करायची असते, आणि दिवसभरात मनात आलेली शंका त्या वेळेपुरती बाजूला ठेवायची असते. ऐकायला हे हास्यास्पद वाटते, पण 'काळजी करू नकोस' या सर्वत्र दिल्या जाणाऱ्या आणि कोणालाही न जमणाऱ्या सल्ल्यापेक्षा ते करून पाहण्याजोगे आहे. घरची कामे आटोपल्यावरचा अर्धा तास घेऊन शंका मातृभाषेत कागदावर लिहिल्या, तर डॉक्टरांना विचारायची यादीही आपोआप तयार होते. झोप आणि भूक दोन आठवडे उडालेली असेल, कामात मन लागत नसेल, तर ही केवळ गाठीची काळजी उरलेली नसते. केंद्र सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेली-मानस या मोफत सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर समुपदेशकांशी मराठीतून किंवा उर्दूतूनही बोलता येते.

वाट पाहण्यालाही अपवाद आहेत, आणि ते माहीत असले म्हणजे उरलेला काळ निर्धास्तपणे काढता येतो. ओटीपोटात एका बाजूला अचानक असह्य कळ येऊन उलट्या सुरू झाल्या तर गाठीसकट बीजांडकोशाला पीळ पडलेला असू शकतो, त्याचा रक्तपुरवठा तुटत असतो आणि काही तासांत शस्त्रक्रिया झाली तरच तो वाचतो. चक्कर, ताप किंवा गरोदरपणाची शक्यता असतानाचे दुखणे हेही त्याच दिवशी रुग्णालय गाठण्याचे कारण आहे. पाळी गेल्यानंतर दिसलेल्या गाठीला तरुणपणीच्या गाठीचे नियम लागू होत नाहीत. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रीचे पोट महिन्यातून बारा दिवसांहून अधिक फुगलेले राहत असेल, दोन घासांत पोट भरत असेल, वारंवार लघवीला जावे लागत असेल, आणि हे सारे अलीकडे सुरू झाले असेल, तर त्याला गॅसेस म्हणून महिनोन्‌महिने चूर्ण देत बसणे धोक्याचे आहे. आई, बहीण किंवा मावशीला स्तनाचा अथवा बीजांडकोशाचा कर्करोग झालेला असल्यास ती माहिती पहिल्याच भेटीत सांगायला हवी.

दुसऱ्या सोनोग्राफीत गाठ दिसेनाशी झाली तर प्रश्न मिटतो. ती तशीच असेल आणि साधी असेल तर पाच ते सात सेंटीमीटरपर्यंतच्या गाठीसाठी वर्षातून एकदा तपासणी पुरते, म्हणजे थांबण्याचा काळ आणखी लांबतो. त्याहून मोठी असेल किंवा तिची घडण बदललेली असेल तर एमआरआय अथवा शस्त्रक्रियेचा विचार होतो. कर्करोगाचा संशय नसलेल्या तरुण स्त्रीत बहुतेक वेळा दुर्बिणीतून केवळ गाठ काढून बीजांडकोश जागेवर ठेवता येतो, म्हणून संमतीपत्रावर सही करण्याआधी काय काढले जाणार आणि काय राहणार हे विचारून घ्यावे लागते. काढलेली गाठ प्रयोगशाळेत जाते, तिचा अहवाल यायला पुन्हा काही दिवस लागतात, आणि टाके काढण्याच्या धांदलीत तो आणायचा राहून जातो. गाठ नेमकी कशाची होती याचे अंतिम उत्तर त्याच कागदावर असल्यामुळे त्याची प्रत मागून घेऊन पहिल्या सोनोग्राफीच्या फाइलमध्ये लावलेली असावी.